अर्धवट गृहप्रकल्पाच्या परवानगीची मुदत कशी वाढवावी

पुण्यातल्या रखडलेल्या इमारतीला दोन वेगळ्या मुदती असतात. एक बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्राची, म्हणजे सीसीची. ती महापालिका किंवा हद्दीप्रमाणे पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) देते. दुसरी महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाकडे, नोंदवलेली प्रकल्पपूर्तीची तारीख. एक वाढली म्हणून दुसरी आपोआप वाढत नाही.

आधी सीसीवरची तारीख बघा. एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना) कायदा, १९६६ च्या कलम ४८ नुसार सीसी वर्षभर चालते. पुढे दरवर्षी नूतनीकरण करत आणखी तीन, म्हणजे एकूण चार वर्षं. सीसी १० जून २०२४ ची असेल, तर पहिला अर्ज ९ जून २०२५ च्या आत गेला पाहिजे आणि शेवटची हद्द जून २०२८. अर्जाला उशीर झाला तर शुल्क भरून तो माफ होऊ शकतो. चार वर्षं उलटली की मात्र नव्यानेच परवानगी घ्यावी लागते.

पण नूतनीकरणाची गरज आहे का, हे आधी तपासा. २०२० च्या युडीसीपीआरप्रमाणे, म्हणजे राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीप्रमाणे, सीसीच्या मुदतीत काम ‘सुरू’ झालं असेल, तर परवानगी काम पूर्ण होईपर्यंत टिकते. इथे ‘सुरू’ म्हणजे खड्डा खणणं नव्हे, जोत्यापर्यंत, म्हणजे इमारतीच्या चौथऱ्यापर्यंत, काम होणं. खाली पार्किंग असलेल्या इमारतीला जोतं नसतं; तिथे काम स्टिल्टच्या, म्हणजे त्या पार्किंग मजल्याच्या, वरच्या पातळीपर्यंत यावं लागतं. नुसते कॉलम उभे असतील तर ते पुरत नाही. भूखंड पाडायच्या लेआउटमध्ये अंतिम मोजणी-आखणी आणि खडीचे रस्ते पूर्ण हवेत.

घोटाळा बहुतेक वेळा कागदाचा असतो. जोतं झालेलं असतं, पण आर्किटेक्टने तशी सूचना दिलेली नसते आणि जोते तपासणी प्रमाणपत्र फाइलमध्ये नसतं. दोन-तीन वर्षांनी ‘जोतं मुदतीत झालं होतं’ हे सिद्ध करणं फार अवघड जातं. म्हणून प्रत्येक इमारतीचं प्रमाणपत्र वेगळं आणि लगेच घ्या. पायाचं काम पावसाळ्याआधी उरका. खड्ड्यात पाणी साचलं की तीन-चार महिने सहज जातात.

नूतनीकरण लागणारच असेल, तर आर्किटेक्टमार्फत अर्ज करा. सोबत मूळ सीसी, मंजूर नकाशे, आधीची नूतनीकरणं आणि ताजा सातबारा किंवा मिळकत पत्रिका तयार ठेवा. मालकाचं नाव बदललं असेल किंवा कुलमुखत्यारपत्र जुनं असेल, तर ते आधी दुरुस्त करा. नाहीतर फाइल तिथेच अडकते.

महारेराकडे मुदतवाढीचा अर्ज विकासक नमुना ई मध्ये करतो. रेरा कायद्याच्या कलम ६ प्रमाणे युद्ध, पूर, दुष्काळ, आग, वादळ, भूकंप अशा आपत्तींसाठी मुदत वाढते. विकासकाची चूक नसेल तर इतर वाजवी कारणासाठी एकूण जास्तीत जास्त एक वर्ष. त्यापुढे कलम ७(३) चा, म्हणजे नोंदणी रद्द न करता अटींवर चालू ठेवण्याचा, मार्ग आहे, आणि त्यासाठी साधारणपणे ५१ टक्के सदनिकाधारकांची संमती मागितली जाते.

तुम्ही सदनिकाधारक असाल, तर संमतीपत्र शब्दन् शब्द वाचा. महारेराने तारीख वाढवली तरी करारातली ताब्याची तारीख बदलत नाही. कलम १८ खालचा व्याजाचा किंवा पैसे परत घेण्याचा हक्क तिच्यावरूनच मोजला जातो. ‘व्याज मागणार नाही’ असं वाक्य दिसलं तर ते खोडून, शेजारी सही करून मगच कागद द्या, आणि त्याची प्रत जपून ठेवा.