ओटीच्या ब्लाउजपिसांतून पॅचवर्कचे जाकीट

मराठी घरांच्या कपाटांत ओटीत आलेली ब्लाउजपिसे साठत जातात आणि बहुतेक वेळा तशीच पुढच्या कोणाच्या तरी ओटीत जातात. त्यांतली दोन सुती पिसे, एक गडद आणि एक फिके, बिनबाह्यांच्या जाकिटाच्या पाठीला आणि एका खिशाला पुरतात. गोधडीतले जोड थोडे जाड झाले तरी बिघडत नाही; अंगावरच्या कपड्यात मात्र प्रत्येक जोड खांद्याला, मुंढ्याला (बाही जिथे जोडतात त्या वळणाला) आणि काखेत टोचतो. म्हणून पॅचवर्क फक्त पाठीवर करून समोरचे दोन्ही भाग साध्या, एकरंगी सुती कापडाचे ठेवावेत, असे माझे मत आहे. अंगभर तुकडे जोडलेले जाकीट दिसायला हौशी असले, तरी घातल्यावर ते पुठ्ठ्यासारखे उभे राहते.

कापड निवडताना दोन्ही पिसे सारख्याच वजनाची असावीत. हल्ली ओटीत सुती म्हणून येणारे कापड पुष्कळदा पॉलिस्टर असते, त्यामुळे कडेचे दोन-तीन धागे काढून, चिमट्यात धरून जाळून पाहावेत: सुताची राख भुरभुरीत होते आणि जळक्या कागदाचा वास येतो, तर पॉलिस्टर वितळून त्याची कडक गाठ बनते. खणाचे कापड वापरायचा मोह होतो, पण कापल्यावर त्याच्या कडा भराभर उसवतात, म्हणून ते वापरायचेच असेल तर कापण्यापूर्वी उलट्या बाजूला पातळ फ्युझिंग (इस्त्रीने चिकटणारे अस्तर) चिकटवावे. सर्व कापडे, अस्तरासकट, आधी वेगवेगळी धुऊन, वाळवून इस्त्री करून घ्यावीत. सुती कापड पहिल्या धुण्यात आटते आणि गडद रंग जातो. हे दोन्ही शिवणीनंतर घडले तर उपाय उरत नाही.

आता मोजमाप. नऊ चौकोनांच्या ब्लॉकमध्ये चार कोपरे आणि मध्य असे पाच चौकोन गडद आणि उरलेले चार फिके असतात. चौकोन शिवल्यावर 2 इंचांचा हवा आणि चारही बाजूंना पाव इंच माया, म्हणजे शिवणीत जाणारे जादा कापड, हवी, म्हणून तो अडीच इंचांचा कापावा. पूर्ण ब्लॉक 6 इंचांचा होतो. छाती 36 इंच असेल तर सैलपणा धरून पाठीला माया मिळून सुमारे 21 इंच रुंदी लागते. आडवे चार आणि उभे चार असे 16 ब्लॉक जोडले, की 24 इंचांचा चौरस मिळतो आणि कंबरेच्या थोडे खाली येणाऱ्या जाकिटाला तो पुरतो.

एकेक चौकोन कापत बसू नये. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, 44 इंच असलेल्या कापडाच्या अडीच इंच रुंदीच्या आडव्या पट्ट्या काढाव्यात, गडद पाच आणि फिक्या चार. गडद-फिकी-गडद अशा तीन पट्ट्या लांबीने जोडून दोन संच करावेत आणि फिकी-गडद-फिकी असा एक. प्रत्येक संचाचे अडीच इंचांवर आडवे काप घेतले, की एका संचातून 17 ओळी निघतात. एका ब्लॉकला पहिल्या प्रकारच्या दोन ओळी आणि त्यांच्या मध्ये दुसऱ्या प्रकारची एक लागते, म्हणजे नेमके 17 ब्लॉक, सतरावा खिशासाठी. पन्हा 36 इंच असेल तर एका संचातून 14 ओळीच मिळतात, म्हणून पहिल्या प्रकारचे तीन आणि दुसऱ्या प्रकारचे दोन संच करावे लागतात. टाका नेहमीपेक्षा बारीक, साधारण 2 मिलिमीटरचा ठेवावा, कारण टीप आडवी कापली जाणार असते.

पाव इंचाची माया खरोखर पाव इंचच पडते का, हे आधी तपासावे. अडीच इंचांचे तीन तुकडे ओळीने जोडून मधला तुकडा मोजावा. तो बरोबर 2 इंच भरला पाहिजे. प्रत्येक टिपेला माया अर्धे सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जास्त गेली, तर दोन्ही तुकडे मिळून एक सूत खाल्ले जाते. आडव्या 12 चौकोनांत 11 जोड असल्यामुळे पाठ जवळजवळ दीड इंचाने अरुंद होते आणि जादा ठेवलेली रुंदी जवळजवळ निम्मी संपते.

जोडावर इस्त्री फिरवू नये, वरून दाबावी. घासल्याने पट्टी ताणली जाऊन वाकते. माया नेहमी गडद कापडाकडे वळवावी. असे केले, की पहिल्या प्रकारच्या ओळीत ती बाहेर आणि दुसऱ्या प्रकारच्या ओळीत आत वळते, आणि दोन ओळी समोरासमोर ठेवल्यावर जोड एकमेकांत अडकून बसतात. ते बोटांना स्पष्ट जाणवते. ब्लॉकला ब्लॉक जोडताना मात्र समोरासमोरच्या माया एकाच दिशेला येतात, म्हणून तिथे प्रत्येक जोडावर टाचणी लावणे आवश्यक असते. चार ब्लॉक जिथे भेटतात तिथे चार गडद चौकोन एकत्र येऊन 4 इंचांचा ठसठशीत चौकोन बनतो. गडद कापड बारीक नक्षीचे असेल तर त्यातले जोड दिसत नाहीत.

पाठीच्या चौरसाखाली मलमलीचे अस्तर घालून, कच्चे टाके घेऊन, इंच-इंच अंतरावर उभा धावदोरा घालावा. सुरुवात मधल्या जोडापासून करून दोन्ही बाजूंना जावे, म्हणजे अस्तरात चुण्या साचत नाहीत. मध्ये कापूस किंवा वॅडिंग घालू नये; आपल्या हवेत ते सोसवत नाही. धावदोऱ्याने चौरस थोडा आकसतो, त्यासाठीच सुरुवातीला रुंदी जास्त ठेवलेली आहे.

पाठ बेतण्याची वेळ त्यानंतर येते. कागदी नमुन्याची मध्यरेषा पाठीच्या मधल्या जोडावर ठेवून खडूने आकार आखावा, आणि कात्री लावण्यापूर्वी त्या रेषेच्या आत एक सूत अंतरावर मशीनची टीप मारावी. ही टीप चुकवली तर कापलेल्या प्रत्येक जोडाचे टाके कडेपासून उसवत येतात. पाठ आणि समोरचे भाग खांद्यांना व बाजूंना जोडून त्यांची माया फोडून दाबावी. जिथे ब्लॉकचा जोड मायेत येतो तिथला आतला थर कापून टाकावा. गळा, मुंढे, समोरच्या कडा आणि घेर यांना सव्वा इंच रुंद तिरपी पट्टी लावावी, कारण उभ्या धाग्याची पट्टी मुंढ्याच्या वळणावर बसत नाही. सतराव्या ब्लॉकला मागून अस्तर जोडून, उलटवून, समोरच्या भागावर तीन बाजूंनी शिवावे. खिशाच्या तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांवर टीप दोनदा फिरवावी, कारण तिथेच तो आधी फाटतो.