ट्रकच्या अपघातात जखमी झालात? भरपाई बुडवणाऱ्या या चुका टाळा

मोटार अपघाताच्या दाव्याचा निकाल मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात लागतो, पण त्याला लागणारे कागद तयार होतात पहिल्या पंधरा दिवसांत, हॉस्पिटल आणि पोलीस ठाण्याच्या फेऱ्यांमध्ये. ट्रकमालक आणि विमा कंपनीला हे सगळं रोजचं असतं. जखमीच्या घरच्यांवर मात्र ही वेळ पहिल्यांदाच आलेली असते. त्यामुळे चुका त्यांच्याच होतात, आणि बहुतेक वेळा त्याच त्या होतात.

"केस कशाला, मी बघतो ना"

अपघातानंतर दोन-तीन दिवसांत मालकाकडून कोणीतरी वॉर्डात येतं. मेहुणा, भाऊ, नाहीतर गावातला ओळखीचा माणूस. वीस-पंचवीस हजार हातावर ठेवले जातात आणि स्टॅम्पपेपरवर सही मागितली जाते: "आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही." घरच्यांना वाटतं, भला माणूस आहे, उगाच त्याला कशाला बुडवायचं. पण ट्रकचा थर्ड पार्टी विमा (ट्रकमुळे दुसऱ्याला होणाऱ्या नुकसानाचा) सक्तीचा असतो आणि तो चालू असेल तर भरपाई विमा कंपनी देते. इजा किंवा मृत्यूच्या भरपाईला त्यात वरची मर्यादाही नाही. म्हणजे दया दाखवून आपण वाचवतो ते विमा कंपनीचे पैसे. आणि फिर्यादच नसेल तर कंपनीच्या वकिलाचा पहिला प्रश्न तयार असतो: अपघात याच ट्रकने झाला कशावरून?

दुसरा कागद त्याहून घातक, आणि त्याकडे कोणाचंच लक्ष नसतं. कॅज्युअल्टीत जखमीला आणणारा माणूस घाईत "गाडीवरून पडला" एवढंच सांगतो. डॉक्टर तेच केसपेपरवर लिहितात. पुढे डिस्चार्ज कार्डावरही तेच उतरतं. दोन वर्षांनी उलटतपासणीत विमा कंपनी तो कागद पुढे करते आणि म्हणते, ट्रकचा संबंधच नाही, हा स्वतः घसरून पडला. म्हणून शुद्धीवर आल्यावर किंवा नातेवाईक पोहोचल्यावर केसपेपरवरची हिस्ट्री (इजा कशी झाली याची नोंद) वाचून घ्या. चुकीची असेल तर तिथेच लेखी अर्ज देऊन दुरुस्ती मागा आणि पोलिसांच्या जबाबातही स्पष्ट सांगा. ट्रकचा नंबर माहीत असेल तर तो केसपेपरवर लिहायला लावा.

उपचारांच्या पैशांसाठी मालकाच्या दयेवर राहायचीही गरज नाही. केंद्राच्या मे २०२५च्या योजनेत रस्ते अपघातातल्या जखमीला अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार ठरवून दिलेल्या हॉस्पिटलात कॅशलेस मिळतात. हॉस्पिटलातल्या योजनेच्या टेबलावर पहिल्याच दिवशी विचारा.

पंचनामा न वाचणं

आपल्याकडे ट्रकच्या अपघातांचा एक ठरलेला प्रकार आहे: रात्री हायवेच्या कडेला बंद पडलेला किंवा जेवायला थांबवलेला ट्रक आणि त्याच्यावर मागून आदळलेली दुचाकी. गुन्हा बऱ्याचदा दुचाकीवाल्यावरच नोंदवला जातो, कारण "मागून धडक". पण ट्रक पांढऱ्या पट्टीच्या आत होता की शोल्डरवर, म्हणजे पट्टीबाहेरच्या कडेवर? टेललाइट चालू होते का? मागची रिफ्लेक्टर टेप चिखलाने झाकली होती का? मागे कोन, त्रिकोण काही ठेवलं होतं की नुसत्या झाडाच्या फांद्या आणि चार दगड? (हे दगड ट्रक निघून गेल्यावरही तसेच पडून राहतात आणि पुढच्याचा बळी घेतात, हा आणखी वेगळा विषय.) वाहन रस्त्यावर धोका होईल असं सोडणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १२२ नुसार गुन्हा आहे. या गोष्टी पंचनाम्यात आल्या नाहीत, तर नंतर तोंडी सांगून फारसा उपयोग होत नाही आणि भरपाईतून "तुमचाही दोष" म्हणून टक्के कापले जातात.

नातेवाईकाने त्याच रात्री किंवा दुसऱ्या सकाळी जाऊन मोबाइलवर फोटो काढावेत: ट्रकचा मागचा भाग, नंबरप्लेट, ट्रक आणि रस्त्याच्या कडेमधलं अंतर, टायरच्या खुणा. जवळच्या ढाब्याचं, पेट्रोल पंपाचं, टोलनाक्याचं सीसीटीव्ही फुटेज लवकर पुसलं जातं. ते जतन करावं म्हणून पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

धडक देऊन ट्रक पळाला असेल तर हे फुटेज आणखी महत्त्वाचं. वाहन सापडलंच नाही तर याच कायद्याच्या कलम १६१ खाली गंभीर जखमीला ५० हजार आणि मृत्यू झाल्यास वारसांना २ लाख मिळतात. अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडे जातो, मंजुरी जिल्हाधिकारी देतात. ट्रक सापडला तर हीच रक्कम कित्येक पट वाढू शकते, म्हणून "सापडत नाही" हे पहिल्या आठवड्यात मान्य करू नका.

फौजदारी केसच्या निकालाची वाट पाहणं

ड्रायव्हरवरचा खटला आणि भरपाईचा दावा या दोन वेगळ्या गाड्या आहेत. खटल्यात ड्रायव्हर निर्दोष सुटला तरी दावा मरत नाही, कारण पुराव्याचे निकष वेगळे. पण मुदत मात्र पळत असते. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीनुसार अपघातापासून सहा महिन्यांत कलम १६६ खाली अर्ज करावा लागतो. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे आणि नोव्हेंबर २०२५मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेशात, केवळ मुदत उलटली म्हणून अर्ज फेटाळू नका, असं सांगितलं. हा आदेश अंतरिम आहे. त्याच्या भरवशावर बसू नका, सहा महिने हीच मुदत धरा.

दावा अपघात झाला तिथेच करायला हवा, हाही गैरसमज. लातूरचा माणूस साताऱ्याजवळ जखमी झाला तरी दावा लातूरला करता येतो.

विमा आहे म्हणजे पैसे मिळणारच, असं धरून चालणं

ड्रायव्हरचं लायसन्स बोगस निघालं किंवा संपलेलं असलं म्हणून रस्त्यावरच्या जखमीने घाबरू नये. अशा वेळी न्यायाधिकरण बहुधा विमा कंपनीला आधी भरपाई द्यायला आणि मग मालकाकडून वसूल करायला सांगतं. अडचण येते ती मालवाहू ट्रक-टेम्पोत बसून जाणाऱ्यांची. लग्नाचं वऱ्हाड, यात्रेकरू, लिफ्ट घेतलेला मजूर, यांच्यासाठी विमा कंपनी जबाबदार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्येच ठरवून दिलं आहे. मालाचा मालक किंवा त्याचा माणूस मालासोबत असेल तर तो विम्यात येतो. तेव्हा मालाची पावती, बिल्टी, मार्केट यार्डाची पट्टी जपून ठेवा. "मी माझा कांदा घेऊन चाललो होतो" हे कागदाने दाखवावं लागतं. आणि जखमी त्याच ट्रकचा क्लिनर असेल तर त्याला कर्मचारी भरपाईचा कायदा (नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता) आणि मोटार वाहन कायदा यांपैकी एकच रस्ता निवडावा लागतो. दोन्हीकडे अर्ज टाकता येत नाही.

उत्पन्न आणि अपंगत्व मोघम ठेवणं

सगळ्यात जास्त पैसे इथेच जातात, म्हणून हिशोबच पाहा. एक ३४ वर्षांचा प्लंबर. महिना २० हजार कमावतो. गुडघ्यात रॉड पडला, आता उकिडवं बसता येत नाही. न्यायाधिकरणाने त्याच्या कमाईच्या क्षमतेतली घट ४० टक्के धरली, असं समजू. स्वतःचा धंदा आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवायचे: २८ हजार. वर्षाचे ३ लाख ३६ हजार. या वयाला गुणक (वर्षाच्या उत्पन्नाला ज्याने गुणायचं तो वयानुसार ठरलेला आकडा) १६. गुणाकार ५३ लाख ७६ हजार, त्याचे ४० टक्के म्हणजे २१ लाख ५० हजार ४००. आता उत्पन्नाचा कागदच नाही म्हणून महिना १२ हजार धरले तर हाच आकडा १२ लाख ९० हजार २४० होतो. सुमारे साडेआठ लाख गेले, कशामुळे? बँकेत भरणा नाही, यूपीआयचे स्टेटमेंट काढलेले नाही, ज्यांचं काम केलं त्यांच्यापैकी एकही साक्षीला नाही.

अपंगत्वाच्या दाखल्यातही खाच आहे. दाखल्यावरचे ४० टक्के एका पायाचे की सगळ्या शरीराचे? न्यायाधिकरणाला आणखी वेगळी गोष्ट पाहायची असते: त्या माणसाचं नेमकं काम आता किती होईल. तोच गुडघा बँकेतल्या कारकुनाचा असता तर कमाईत फारशी घट धरली गेली नसती. दाखला देणारे डॉक्टर साक्षीला आले पाहिजेत, आणि प्लंबरला खाली बसावं लागतं, वाकावं लागतं, जिन्यावरून पाइप न्यावा लागतो, हे साक्षीत आलं पाहिजे. पुढची ऑपरेशनं, रॉड काढण्याचा खर्च, सोबत राहणाऱ्याचा बुडालेला रोज, हॉस्पिटलच्या फेऱ्यांचं भाडं हेही मागता येतं. मेडिक्लेममधून बिलं मिळाली म्हणून ती सोडून देऊ नका. मेडिक्लेमची रक्कम भरपाईतून वजा होत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये सांगितलं आहे.

घाईची सही, टक्केवारीचा वकील

कलम १६४ खाली दोष सिद्ध न करता गंभीर जखमीला अडीच लाख मिळतात. पण ही रक्कम तडजोडीत स्वीकारली की कलम १६६ चा अर्ज संपतो. कमाईवर फारसा परिणाम न करणाऱ्या इजेत हा सौदा ठीक. वरच्या प्लंबरने तो केला तर हातचे एकवीस लाख गेले. लोकअदालतीतली तडजोडही अंतिम असते, तिच्यावर अपील नाही, म्हणून तिथे जाण्याआधी आपला आकडा काढून ठेवा.

वॉर्डातच वकीलपत्र घेऊन फिरणारे एजंट "मिळेल त्याच्या तीस टक्के" म्हणतात. वकिलाने निकालावर अवलंबून फी ठरवणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. फी आकड्यात ठरवा, कोऱ्या कागदावर सही करू नका, बिलांच्या झेरॉक्स स्वतःकडे ठेवा. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग आणि कमी उत्पन्नाच्या लोकांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो. त्याचं कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं.

निकाल कमी रकमेचा लागला तर उच्च न्यायालयात अपिलासाठी ९० दिवस असतात. निकालाच्या प्रमाणित प्रतीचा अर्ज त्याच दिवशी टाका.