पोट-यकृत विभागात पहिल्यांदा जाताना
बाबांना घेऊन मी ६ वर्षं मेडिकल कॉलेजच्या या विभागात जातेय. रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा. रक्ततपासणीतले बिलिरुबिन, अल्ब्युमिन, प्लेटलेट, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) एका कागदावर उतरवा. आकडे कुठे सरकताहेत ते डॉक्टरांना चटकन दिसतं.

शिकाऊ डॉक्टर सगळं विचारतात, मग मोठे डॉक्टर तेच पुन्हा. कंटाळू नका! दुसऱ्यांदा विचारल्यावरच बाबांना आठवलं, शौचाला डांबरासारखं काळं होत होतं. ती आतल्या रक्तस्रावाची खूण असू शकते. लोहाच्या गोळ्यांनीही काळं होतं, म्हणून गोळ्यांची पाकिटंच न्या. रक्त पातळ करणारी गोळी आवर्जून सांगा, मनानं बंद करू नका.

फायब्रोस्कॅनआधी (यकृत किती कडक झालंय ते बघणारी तपासणी) किमान ३ तास उपाशी. एंडोस्कोपीला (तोंडातून दुर्बीण घालून पोट आतून बघतात ती) गुंगीचं इंजेक्शन असेल तर सोबत माणूस हवाच. दारूचं खरं सांगा. घरच्यांसमोर जमत नसेल तर त्यांना बाहेर बसवा.