विषम युद्धातले नागरिकांचे मृत्यू: वादविवादाची तयारी कशी करावी

"बॉम्ब पडला, वीस जण दगावले." विषम युद्धावरच्या, म्हणजे बलाढ्य सैन्य आणि दुर्बल बाजू यांच्यातल्या लढाईवरच्या भाषणांत असली वाक्ये सर्रास येतात. पण पाऊस पडतो तसा बॉम्ब पडत नाही. कोणीतरी तो टाकतो, कोणीतरी टाकायला सांगतो, आणि तो पडला तिथे माणसे का होती यालाही कोणीतरी कारण असते. 'पडला', 'दगावले', 'मारले गेले' ही क्रियापदे कर्त्याला सहज लपवतात. म्हणून नागपुरातल्या एखाद्या स्पर्धेत हा विषय आला तर तयारी व्याकरणापासून सुरू करा. भाषणाचा कच्चा मसुदा लिहा, लाल पेन घ्या आणि प्रत्येक वाक्याचा कर्ता अधोरेखित करा. जिथे कर्ता सापडत नाही, तिथे एकतर तुमची माहिती अपुरी आहे किंवा तुमच्याकडून कोणाला तरी नकळत सूट मिळते आहे.

"जबाबदार कोण?" असा विषय दिला असेल तर आयोजकांना सांगून तो बदलता येतो का बघा. "दुर्बल बाजू वस्तीत लपली तर बलाढ्य सैन्याची जबाबदारी कमी होते" हे विधान चालते, कारण त्याच्या बाजूनेही बोलता येते आणि विरोधातही. विषय बदलता आला नाही, तर पहिल्याच मिनिटात त्याचे दोन तुकडे करा: युद्ध कोणी सुरू केले, आणि ते कसे लढले गेले. कायदा हे दोन प्रश्न वेगळे ठेवतो. ज्याचे कारण न्याय्य आहे त्यालाही नागरिकांवर नेम धरता येत नाही. "सुरुवात त्यांनी केली" हे पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे. कोणी ते दुसऱ्या प्रश्नात घुसवले की खंडनात तिथेच धरा.

कायद्याचा फार पसारा नको. १९४९ चे चार जिनिव्हा करार. त्यांतले सामाईक कलम ३ देशांतर्गत सशस्त्र संघर्षात सरकार आणि बंडखोर दोघांनाही बांधते. मग १९७७ चा पहिला अतिरिक्त प्रोटोकॉल, म्हणजे त्या करारांना जोडलेला पुरवणी करार: कलम ४८ नागरिक आणि लढवय्ये यांत भेद करायला सांगते, ५१ प्रमाणबद्धतेचे, ५७ हल्ला करणाऱ्याने घ्यायच्या खबरदारीचे, ५८ बचाव करणाऱ्याच्या खबरदारीचे. १९४९ चे करार भारताने स्वीकारले आणि १९६० साली त्यासाठी कायदाही केला. १९७७ च्या प्रोटोकॉलला भारताने मान्यता दिलेली नाही, अमेरिकेनेही नाही. समोरचा हे काढणारच. उत्तर तयार ठेवा: भेद आणि प्रमाणबद्धता ही तत्त्वे रूढ आंतरराष्ट्रीय कायदा (करारावर सही नसली तरी देशांच्या रूढ वागणुकीतून बंधनकारक झालेला) म्हणून सगळ्यांनाच लागू मानली जातात, देशांतर्गत संघर्षातही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर विधी महाविद्यालयात शिकणारे कोणी ओळखीचे असेल तर तासभर सोबत बसून ही कलमे मोठ्याने वाचा.

सर्वांत जास्त घोळ प्रमाणबद्धतेवर होतो. "यांचे पाच मेले, त्यांचे पाचशे, म्हणजे प्रमाणाबाहेर" ही मांडणी चुकीची आहे. कायदा एकेका हल्ल्याचा हिशेब मागतो: हल्ल्याआधी हाती असलेल्या माहितीवरून ठोस लष्करी फायदा किती अपेक्षित होता आणि नागरिकांची हानी किती? एकूण आकडा संशय निर्माण करतो. तो निकाल देत नाही.

सरावासाठी १७ मार्च २०१७ चा इराकमधल्या मोसुलचा हल्ला घ्या. पश्चिम मोसुलच्या अल-जदिदा भागात एका घरावरून इस्लामिक स्टेटचे दोन नेमबाज गोळीबार करत होते. अमेरिकी विमानाने तिथे सुमारे २२५ किलोचा एक बॉम्ब टाकला. त्या घरात लोकांनी आसरा घेतला होता. अमेरिकी लष्कराच्याच चौकशीप्रमाणे किमान १०५ नागरिक ठार झाले. घरात इस्लामिक स्टेटने स्फोटके ठेवली होती, त्यांच्या स्फोटाने घर कोसळले, आणि आत नागरिक आहेत हे ठाऊक नव्हते, असे चौकशी म्हणते. स्थानिक लोकांनी स्फोटकांची गोष्ट मान्य केली नाही. आता कर्ते मांडा. हल्ला कोणी मागितला? बॉम्बचा आकार कोणी ठरवला? घरात कोण आहे हे पाहायची जबाबदारी कोणाची? वस्तीतून गोळीबार कोण करत होते? प्रत्येकासमोर एक वाक्य लिहा. दोन नेमबाजांसाठी एवढा बॉम्ब का, हा प्रश्न विरोधी बाजूने पहिल्या दोन मिनिटांतच विचारावा. त्याच्याइतका धारदार दुसरा मिळणार नाही.

लिहिताना एक मोह आवरा: जबाबदारी ही भाकरी नव्हे की एकाच्या ताटात जास्त गेली तर दुसऱ्याच्या ताटात कमी उरेल. कलम ५१ चा सातवा परिच्छेद नागरिकांना ढाल करायला मनाई करतो. त्याच कलमाचा आठवा परिच्छेद सांगतो की एका बाजूने नियम मोडला म्हणून दुसरी बाजू नागरिकांबाबतच्या कर्तव्यातून सुटत नाही. हे दोन्ही परिच्छेद एका दमात म्हणा. एकच म्हणणारा वक्ता खंडनात सापडतो.

आकडे कसे सांगायचे हे श्रीलंकेवरून शिका. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळाने २०११ च्या अहवालात लिहिले की सरकार आणि एलटीटीई ही तमिळ बंडखोर संघटना यांच्यातल्या युद्धाच्या शेवटच्या टप्प्यात ४०,००० पर्यंत नागरिक मेले असू शकतात. श्रीलंकेतल्या संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणेचा आधीचा आकडा ७,७२१ मृत आणि १८,४७९ जखमी असा होता. तफावतीचे कारण मोजणीत आहे: दुसरा आकडा पडताळता आलेल्या नोंदींचा आहे आणि तो १३ मे २००९ ला थांबतो, लढाई त्यानंतरही चालली. 'हताहत' शब्दात मृत आणि जखमी दोघेही येतात. तुम्ही "२६,२०० हताहत" म्हणालात तर श्रोता २६,२०० प्रेते ऐकतो. म्हणून तो शब्द टाळा. मृत वेगळे सांगा, जखमी वेगळे. त्याच अहवालाने सरकारवर गोळीबारबंद क्षेत्रांवर तोफा डागल्याचा आणि एलटीटीईवर नागरिकांना अडवून ठेवल्याचा असे दोन्ही गंभीर आरोप विश्वासार्ह मानले. यातला सोयीचा अर्धा भाग उचलू नका.

सात मिनिटे मिळाली तर व्याख्येला एक, एकाच घटनेला तीन, खंडनाला दोन, उरलेले मिनिट राखीव. चार युद्धांची नावे घेणारे भाषण कोणत्याच युद्धाबद्दल काही सांगत नाही. खंडनासाठी कागदाला मधोमध उभी घडी घाला: डावीकडे समोरच्याचे विधान, उजवीकडे फक्त कर्ता आणि कलम क्रमांक.

नागपुरात एक गोष्ट विशेष जपायची. सभागृहात गडचिरोलीचे कोणी असण्याची शक्यता मोठी आहे: भूसुरुंगात नातलग गमावलेला पोलिसाचा मुलगा, किंवा ज्याच्या गावात खबरी ठरवून कोणाला मारले तो. टाळ्यांसाठी तो दाखला फेकू नका. शिवाय तिथे सामाईक कलम ३ लागू होते का, यावरच आधी वाद आहे, आणि तो दोन वाक्यांत मिटत नाही. समोरच्याने काढलाच, तर मोसुलला लावलेलेच प्रश्न त्याच क्रमाने लावा. आवाज चढवू नका.