घरच्या इंकजेट प्रिंटरवर केकवरचा खायचा फोटो कसा छापायचा, तेही नागपूरच्या हवेत

फोटो केक आता सगळ्यांनाच पाहिजे असतो, पण घरून केक करणाऱ्यांना त्याची शीट, म्हणजे खायच्या शाईने फोटो छापलेला खायचा कागद, बाहेरून छापून आणावी लागते, त्यात अर्धा दिवस जातो आणि रंग कसे येतील ते आपल्या हातात राहत नाही. ऑर्डर बऱ्यापैकी येत असतील तर घरीच छापा. छापणं तसं सोपं आहे, खरं काम आहे ओल सांभाळायचं. ही शीट म्हणजे स्टार्च आणि साखर, हवेत पाणी असलं की ओढून घेते आणि नसलं की स्वतःचं सोडून देते, आणि आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंशाचं कोरडं ऊन, ऑगस्टमध्ये सगळं दमट, शिवाय उन्हाळाभर घरोघरी कूलर. त्यामुळे दुसरीकडच्या व्हिडिओत जे जमतं ते इथे तसंच्या तसं जमत नाही.

पहिले प्रिंटर. नवाच घ्यायचा आणि फक्त ह्याच कामाला ठेवायचा. साधी शाई एकदाही गेलेला प्रिंटर कितीही धुतला तरी चालत नाही, हेडमध्ये (शाई फवारणारा भाग), नळ्यांमध्ये, खालच्या फोमच्या पॅडमध्ये ती शाई राहतेच आणि ती काही पोटात जायची वस्तू नाही. लहान पोरांच्या वाढदिवसाचा केक आहे बापा, तिथे घरातला जुना प्रिंटर वापरून पैसे वाचवायचे नाहीत. नव्या बॉक्ससोबत जी शाई येते तीसुद्धा भरायची नाही, पहिल्या थेंबापासून खायचीच शाई. लेझर प्रिंटर तर नकोच, त्यात टोनरची पावडर असते आणि ती गरम करून कागदावर चिकटवतात.

इंकजेटमध्येही कागद मागून, वरून घेणारा बघा. समोरच्या ट्रेवाल्या प्रिंटरमध्ये कागद आत गोल वळून येतो, त्यात कडक वेफर शीट तडकते आणि मऊ आयसिंग शीट अडकते, ह्या दोन शीटबद्दल पुढे सांगतो. एप्सनचे एल सीरिजचे टाकीवाले आणि कॅननचे पिक्स्मा, हे दोन्ही ह्या कामाला चालतात. फरक हेडचा आहे. कॅननच्या बऱ्याच मॉडेलमध्ये हेड किंवा हेडवालं कार्ट्रिज काढून बदलता येतं, एप्सनचं हेड आत पक्कं बसवलेलं असतं, ते जाम झालं तर खर्च मोठा. म्हणून महिन्यातून दोनतीनदाच छापणार असाल तर हेड बदलता येणारा कॅनन घ्या, रोजचं काम असेल तर एप्सन. आणि दोन्हीपैकी कोणताही घ्या, खायची शाई टाकली की कंपनीच्या वॉरंटीची आशा ठेवू नका.

शाई घेताना बाटलीवरचं बारीक अक्षर वाचा, हे काम कोणीच करत नाही. आपल्या देशात खाण्याच्या पदार्थांत ८ च कृत्रिम रंगांना परवानगी आहे. टारट्राझीन, सनसेट यलो, कारमोइसिन, पॉन्सो ४आर, एरिथ्रोसिन, ब्रिलियंट ब्लू, इंडिगो कारमाइन आणि फास्ट ग्रीन. बाहेरून मागवलेल्या काही शायांमध्ये लाल रंगासाठी अल्युरा रेड असतो, तो ह्या यादीत नाही, तो दिसला की बाटली परत. एफएसएसएआयचा, म्हणजे खाण्याच्या वस्तूंना परवाना देणाऱ्या सरकारी संस्थेचा, १४ आकडी नंबर, हिरवा ठिपका आणि एक्स्पायरी बघा, तीनपैकी एक जरी नसलं तरी स्वस्त म्हणून घेऊ नका. केक विकत असाल तर स्वतःचं एफएसएसएआय रजिस्ट्रेशनही लागतं.

शीट दोन प्रकारच्या मिळतात, बेकरीच्या सामानाच्या दुकानात नाहीतर ऑनलाइन. वेफर शीट बटाट्याच्या स्टार्चची, पातळ, कडक, स्वस्त, रंग थोडे फिके. आयसिंग शीट साखर आणि स्टार्चची, मऊ, मागे प्लास्टिक, महाग, पण फोटो एकदम फोटोसारखा येतो. चेहरा छापायचा असेल तर आयसिंग शीट, कार्टून, नाव, फुलपाखरं कापायची असतील तर वेफर. बटरक्रीम आणि फॉन्डंटवर (लाटून केकवर चढवायचं साखरेचं आवरण) आयसिंग शीट मस्त बसते. आपल्याकडे जास्त चालणाऱ्या व्हिप क्रीमवर वेफर थेट ठेवलं तर ते पाणी पिऊन सुरकुततं. त्यावर उपाय म्हणजे वेफरच्या मागच्या बाजूला वितळवलेल्या व्हाइट कंपाउंडचा (केकसाठी मिळणारं पांढरं चॉकलेट) पातळ हात ब्रशने फिरवायचा आणि सुकू द्यायचं. कंपाउंड पातळ करायला पाणी किंवा दूध नाही, पाहिजे तर थोडं तेल.

आता फोटो. लोक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात आणि तो दाबला जाऊन बारीक होतो, म्हणून त्यांना डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. ६ इंचाच्या गोल फोटोला ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, आडवे-उभे १८०० पिक्सेल लागतात, त्याच्या खूप खाली असेल तर चेहरा फाटलेला दिसतो. ए-४ ची रुंदी २१ सेंटीमीटर, कडा सोडून ७ इंचाचा गोल आरामात बसतो, म्हणजे अर्धा किलोच्या ६ इंची केकला ५ ते साडेपाच इंच आणि एक किलोच्या ८ इंचीला ७ इंच, बाजूला क्रीमची बॉर्डर येतेच. ब्राइटनेस थोडा वाढवा कारण छापल्यावर फोटो गडद होतो. पांढरी शाई नसते, फोटोतला पांढरा म्हणजे शीटचाच रंग. पूर्ण काळं बॅकग्राउंड असेल तर बदलून हलकं करा, एवढी शाई शीटला पेलत नाही, ती ओली राहते आणि खाणाऱ्याची जीभही काळी होते. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैलासोबत सजलेल्या पोराचा फोटो छान येतो पण मागे गर्दी असते, ती कापूनच टाका.

छापायच्या आधी साध्या कागदावर नोझल चेक (सगळ्या छिद्रांतून शाई येते का ते दाखवणारं पान) आणि तोच फोटो एकदा. मग हात कोरडे करून एक शीट, एकच, मागच्या ट्रेत. पेपर टाइप प्लेन, क्वालिटी आयसिंग शीटला हाय आणि वेफरला स्टँडर्ड. बॉर्डरलेस, म्हणजे कडेपर्यंत छापायची सेटिंग, बंद ठेवा, नाहीतर शाई कडेबाहेर पडून आत साचते आणि पुढच्या शीटच्या मागे लागते. वेफर गुळगुळीत बाजूने छापा. ते ओढलं जात नसेल तर खाली ए-४ कागद लावून फक्त वरच्या कडेला टेप लावा आणि नंतर ती कड कापून टाका. छापून झालं की १० ते १५ मिनिटं पंख्यापासून दूर सुकू द्या.

आता ज्याच्यासाठी एवढं लिहून राहिलो ते, म्हणजे हवा. कूलर चालू असलेल्या खोलीत छपाई करू नका. कूलर हवेत पाणीच सोडतो, त्या हवेत वेफर दहा मिनिटांत कडा वळवतं आणि प्रिंटरमध्ये तिरपं जातं. एसी असेल तर उत्तम, नसेल तर सकाळी लवकर, कूलर बंद करून छापा. कोरड्या उन्हाळ्यात उलट त्रास, उघडी राहिलेली आयसिंग शीट कडक होऊन तडकते, म्हणून एक काढली की पाकीट लगेच बंद, झिपवाल्या पिशवीत, सपाट, अंधारात. फ्रिजमध्ये ठेवू नका. पावसाळ्यात शीट प्लास्टिकवरून सुटत नाही, ती छापून सुकलेली शीट एखाद दोन मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा, मग टेबलाच्या कडेवर प्लास्टिक खाली ओढत सोडवा. ओढायचं प्लास्टिकला, शीटला नाही.

केकवर लावताना मधून सुरू करून बाहेर हळू दाबत जा, म्हणजे हवा अडकत नाही. फॉन्डंट असेल तर त्यावर ओल्या ब्रशचा अगदी हलका हात, थेंब दिसले तर जास्त झालं. बटरक्रीमवर पपडी धरायच्या आधी लावा. व्हिप क्रीमच्या केकवर फोटो डिलिव्हरीच्या तासदोन तास आधीच ठेवा, रात्री लावून फ्रिजमध्ये ठेवला तर सकाळी रंग पसरलेले असतात. फ्रिजमधून काढलेल्या केकवर बाहेरच्या हवेने दव धरतं, तेव्हा बॉक्स उघडायचा नाही, बंद बॉक्समध्येच थोडा वेळ जाऊ द्या. खायचे रंग उजेडाने उडतात, निळा आणि गुलाबी तर आधी, त्यामुळे खिडकीवाला बॉक्स गाडीवर उन्हात नेऊ नका, वरून कागद लावा.

प्रिंटरला आठवड्यातून एकदा तरी रंगीत पान द्या, ऑर्डर असो नसो. मे महिन्यात हेडवरची शाई फार लवकर सुकते, रेषा तुटक यायला लागल्या की एकदोनदा क्लीनिंग, तरी नाही झालं तर हेड निघणारं असेल तर कोमट डिस्टिल्ड पाण्यात ठेवून सोडवा, नळाचं पाणी नको, त्यातले क्षार छिद्रांत बसतात. महिनाभर गावाला जात असाल आणि प्रिंटर कार्ट्रिजवाला असेल तर शाई काढून क्लीनिंग सोल्यूशन भरलेली कार्ट्रिज लावा, दोनतीन पानं छापून ते हेडपर्यंत पोचू द्या आणि प्रिंटर बटणानेच बंद करा, बोर्डावरून नाही, कारण बटणाने बंद केलं तरच हेड आपल्या झाकणाखाली जाऊन बसतं.