जुन्या गाडीच्या बॉनेटला स्कूप बसवायचाय? ग्राइंडर उचलायच्या आधी हे वाचा

सोलापुरात अजून लय जणांनी जुनी एट हंड्रेड, एस्टीम, पद्मिनी, एखाद्यानं काँटेसा जपून ठेवलीय आणि त्यातल्या बऱ्याच जणांना बॉनेटवर स्कूप, म्हणजे हवेसाठी एका बाजूला तोंड असलेला उंचवटा, पाहिजे असतो. बसवा की, मस्त दिसतो, काँटेसाच्या लांब सपाट बॉनेटवर तर शोभूनच दिसतो. फक्त कशासाठी बसवताय ते आधी ठरवा, भोक कुठं पाडायचं ते त्याच्यावरच ठरतं.

पॉवर वाढंल म्हणून बसवत असाल तर राहू द्या. ताशी १०० किलोमीटरला समोरच्या हवेचा जो जादा दाब मिळतो तो वातावरणाच्या दाबाच्या अर्धा टक्का पण नसतो. जुन्या डिझेल इनोव्हावर स्कूप दिसतो तो इंजिनच्या वर बसवलेल्या इंटरकूलरला (टर्बोनं दाबून गरम झालेली हवा थंड करणाऱ्या जाळीला) हवा द्यायला असतो, आपल्या कार्बोरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या जुन्या पद्धतीच्या) गाडीत टर्बोच नसतो.

खरा फायदा आहे तो गरम हवा बाहेर काढायचा. मे महिन्यात ४२-४३ डिग्रीत सात रस्त्याला गाडी थांबली की बॉनेटखाली भट्टी होते, कार्बोरेटरमधलं पेट्रोल उकळायला लागतं, गाडी बंद पडते आणि लवकर चालू होत नाही. गरम हवा वर जाते, तिला वाट पाहिजे. म्हणून माझं मत, स्कूपचं तोंड मागं काचेकडं ठेवा आणि जागा रेडिएटरच्या जरा मागं, बॉनेटच्या पुढच्या निम्म्या भागात घ्या. चालत्या गाडीत तिथं दाब कमी असतो त्यामुळं हवा बाहेर ओढली जाते. काचेच्या अगदी बुडाशी भोक पाडलं तर उलटं होतं, तिथं दाब जास्त असतो, हवा बाहेर यायच्या ऐवजी आतच घुसते. तोंड पुढं ठेवलं तर आपल्याकडची सगळी धूळ सरळ इंजिनवर, ते तर नकोच.

आता काम. पहिल्यांदा पुठ्ठ्याचा स्कूप करून टेपनं चिकटवा आणि ड्रायव्हर सीटवर बसून बघा, रस्ता झाकला जात असेल तर उंची कमी करा, दोन-अडीच इंच भरपूर झाले. मग कणकेचे गोळे प्लास्टिकमध्ये गुंडाळून एअर फिल्टरवर ठेवा आणि बॉनेट हळू बंद करून उघडा, गोळा किती दबला त्यावरून आत किती जागा आहे ते कळतं. भोकातनं येणारं पाणी अडवायला खाली ट्रे बसवायचाय म्हणून हे माप लागतंच.

बॉनेट गाडीवर ठेवून कापू नका. बिजागरीभोवती मार्करनं खूण करा, काचेवर पाणी मारायच्या वॉशरचा पाईप सोडवा आणि दोघांनी मिळून बॉनेट उतरवा. उलटं करून बघा, खाली पत्र्याची फ्रेम दिसंल, तिला हात लावायचा नाही, बॉनेटची ताकद तीच आहे. फ्रेमच्या मधल्या मोकळ्या पत्र्यातच भोक घ्या. मास्किंग टेप लावून आखा, चारी कोपऱ्यांत गोल भोकं ड्रिल करा आणि मग जिगसॉ चालवा, कोपरा टोकदार ठेवला तर तिथनंच पत्रा तडकतो. कड कानसीनं घासून लगेच प्राइमर मारा नाहीतर गंज धरलाच म्हणून समजा.

स्कूप पत्र्याचा करून वेल्डिंग करतो असं डेंटर म्हणतील पण बॉनेटचा पत्रा पातळ असतो, गॅसच्या आचेनं वाकडा होतो. फायबरचा बरा. घरी करणार असाल तर आपल्या उन्हाळ्यात रेझिनमध्ये हार्डनर (ते घट्ट करणारं केमिकल) कमी घाला, नाहीतर रेझिन डब्यातच घट्ट होतं, आणि वाळलेलं फायबर घासताना मास्क पाहिजेच. खालून बोल्ट आणि काच चिकटवायचं सीलंट, दोन्ही वापरा. जोडावर पुट्टी भरून एकसंध करायचा मोह होतो, नका करू, उन्हात लोखंड आणि फायबर सारखं फुगत नाही, जोड तडकतो. त्यापेक्षा रबराची बीडिंग लावा, नीटनेटकं दिसतं आणि टिकतं.

पाण्याचं विसरू नका. भोकाखाली उथळ ट्रे बसवा, बाजूनं हवेला जागा सोडा आणि ट्रेचा पाईप एका कडेला खाली उतरवा. पाणी डिस्ट्रिब्युटरवर (स्पार्क प्लगला करंट वाटणाऱ्या भागावर) गेलं की गाडी उभी.

अजून एक, पत्रा कापायच्या आधी आरटीओत विचारून या. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे आणि १५ वर्षं झालेली गाडी रजिस्ट्रेशन रिन्यूवलला दाखवावीच लागते, एमएच १३ ची पासिंग अडकली तर सगळी मेहनत वाया.

बॉनेट परत चढवताना जुन्या खुणांवर बसवा, लॉक दोन-तीनदा लावून बघा, मग पाईपनं वरून भरपूर पाणी मारून आत कोरडं आहे का ते तपासा. आठवडाभर चालवली की बोल्ट परत एकदा आवळून घ्या, पहिल्या उन्हात थोडे ढिले होतात.