दूध तुटल्यावर बाळाला पुन्हा अंगावर घ्यायचे असेल तर

आईचे आजारपण, बाळाचे रुग्णालयातील वास्तव्य किंवा ‘हिचे दूध पुरत नाही’ हे घरातल्यांनीच केलेले निदान, यांपैकी कोणत्याही कारणाने बाळ वरच्या दुधावर गेले असले, तरी आटलेला पान्हा चोखण्याने पुन्हा फुटू शकतो. बाळ दोन-तीन महिन्यांच्या आतले असेल आणि दूध तुटून फार दिवस झाले नसतील, तर काम तुलनेने सोपे जाते. सुरुवातीलाच डॉक्टरांना भेटून दूध का तुटले ते स्पष्ट करून घ्यावे, दूध सुकवण्याची गोळी घेतली असल्यास तसे सांगावे आणि इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी चालू असल्यास पर्याय विचारावा, कारण तिने दूध कमी होऊ शकते. त्याच भेटीत बाळाचे उघड्या अंगाने वजन करून ते लिहून ठेवावे.

यानंतरची तयारी बाळंतिणीपेक्षा घराची आहे. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा, दोन्ही बाजूंना, बाळ चोखेल तितका वेळ त्याला अंगावर घ्यायचे असते. रात्रीची पाळी तर चुकवूच नये, कारण दूध तयार करणारे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री अधिक स्रवते. एवढ्या वेळा बसणाऱ्या आईकडून पोळ्या, धुणे आणि आल्यागेल्याचा चहा यांची अपेक्षा ठेवता येत नाही, म्हणून ही कामे कोण करणार हे आधीच ठरवावे. ‘आलं का गं दूध?’ हा प्रश्न पाहुण्यांनी विचारू नये, हे सासूबाईंनीच बजावलेले बरे. सुनेला ते बोलता येत नाही. मधल्या वेळेत बाळाला उघड्या छातीशी धरून ठेवावे.

बाटलीची सवय झालेले बाळ रिकाम्या स्तनावर चिडते. त्यासाठी औषधांच्या दुकानातून बाळाच्या नाकातून पोटात दूध देण्यासाठी वापरतात ती बारीक नळी, कागदी चिकटपट्टी आणि लहान वाटी आणावी आणि पहिल्यांदा नर्सकडून पद्धत शिकून घ्यावी. नळीचे एक टोक वाटीतल्या दुधात बुडवतात, दुसरे बोंडशीला लागून चिकटवतात, म्हणजे बाळ चोखते तेव्हा त्याला दूध मिळते आणि स्तनालाही चेतना मिळते. वाटी वर उचलली की धार जोरात येते, खाली धरली की मंदावते. बाळाला ठसका लागत असेल तर वाटी लगेच खाली घ्यावी. पाजून होताच नळी आणि वाटी धुवावी. नळी जमत नसेल तर कोणी तरी चमच्याने स्तनावर दुधाचे थेंब सोडत राहावे. बाळ भुकेने रडून बेजार होण्याआधी, किंचित पेंगुळलेले असताना प्रयत्न करावा. वरचे दूध वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने द्यावे आणि बाटली व चोखणी बाजूला ठेवावी.

बाळाने भुकेपोटी चोखावे म्हणून वरचे दूध तोडणे ही या कामातली सर्वांत घातक चूक आहे. सहा महिन्यांच्या आतील बाळाला दिवसाला, वजनाच्या दर किलोमागे साधारण 150 मिली दूध लागते, म्हणजे चार किलोच्या बाळाला 600 मिली. आईचे दूध दिसू लागल्यावरच यातून थोडे थोडे, दर काही दिवसांनी कमी करावे. चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा भरपूर शू आणि आठवड्याला किमान 125 ग्रॅम वजनवाढ होत असेल तर पुढे जावे. बाळ सुस्त झाले, शू कमी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

हळिवाचे लाडू, शतावरी, मेथी आवडीने खावीत, पण चोखण्याची जागा त्यांतले काहीही घेत नाही. दूध वाढवण्यासाठी डॉमपेरिडोनसारखी गोळी शेजारणीच्या सांगण्यावरून कधीही घेऊ नये. तिचा हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो. पहिले थेंब काही दिवसांत येतात किंवा काही आठवडे लागतात, आणि काही जणींचे दूध अर्धेच येते. मग तेवढे अंगावरचे आणि बाकी वरचे, अशी विभागणी ठेवावी.

कामावर परतायचे असेल तर कायद्यानुसार बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोन जादा विराम मिळतात. त्यांच्या वेळा रुजू होण्यापूर्वीच लेखी मागून घ्याव्यात आणि काढलेले दूध ठेवायला कार्यालयात फ्रीज आहे का, ते पाहून यावे.